'अर्पण' : एका शब्दाचा अर्थ आणि स्वत्वाचा प्रश्न

प्रास्ताविक

अमळनेर येथे १९५२ साली भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांनी भूषविले होते. त्यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' त्यापूर्वी सहा वर्षे, म्हणजे १९४६ साली प्रसिद्ध झाला होता. पुढे २०२४ साली सत्त्याण्णवावे संमेलन पुन्हा याच नगरीत भरले. व्युत्पत्तीचा अभ्यासक जेथे संमेलनाध्यक्ष म्हणून मिरवला, त्या गावातून एखाद्या शब्दाची उलटतपासणी करावयाची झाल्यास तो शब्द समारंभाच्या व्यासपीठावरचाच असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटले. 'अर्पण' हा तसा शब्द आहे. पुष्पहार अर्पण होतो, श्रद्धांजली अर्पण होते, ग्रंथ अर्पण होतो, पुलाचे लोकार्पण होते, जीवन समर्पित होते. एवढ्या ठिकाणी वापरला जाणारा शब्द आपला मूळ अर्थ टिकवून आहे की केवळ शिष्टाचार म्हणून उरला आहे, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

येथे एक गोष्ट आरंभीच नमूद केली पाहिजे. अर्पणाची चर्चा बहुधा भावाच्या अंगाने केली जाते. देणाऱ्याची भक्ती किती, निष्ठा किती, असे विचारले जाते. शास्त्रकारांनी मात्र त्याआधी एक रुक्ष प्रश्न विचारला होता : जे दिले जात आहे ते देणाऱ्याचे आहे काय? प्रस्तुत विवेचन या प्रश्नाभोवती फिरते.

धातू आणि अर्थ

'अर्पण' हा शब्द संस्कृत 'ऋ' या गत्यर्थक धातूच्या प्रयोजक रूपापासून, म्हणजे 'अर्पयति'पासून बनला आहे. 'ऋ' म्हणजे जाणे. 'अर्पयति' म्हणजे जावयास लावतो, पोचवितो, योग्य ठिकाणी बसवितो. देणे हा अर्थ नंतरचा आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात प्राणाचे वर्णन करताना चाकाच्या तुंब्यात आरे जसे बसविलेले असतात, तसे सर्व काही प्राणात बसविलेले आहे, असा दृष्टांत येतो. आणि तेथे बसविलेले या अर्थी वापरलेला शब्द 'समर्पित' हाच आहे. मुंडक व प्रश्न या उपनिषदांतही आऱ्यांचा दृष्टांत आहे. आरा तुंब्याला 'दिलेला' नसतो. त्याची जागाच ती असते. तेथे तो बसला नाही तर चाक चालत नाही, आणि आराही मग निरुपयोगी लाकूड ठरतो.

हा मूळ अर्थ पुढे मागे पडला आणि देवतेला किंवा पूज्य व्यक्तीला आदरपूर्वक देणे हा अर्थ रूढ झाला. भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात यज्ञाच्या सर्व अंगांना ब्रह्म म्हटले आहे, त्यांत अर्पणाची क्रियाही येते. नवव्या अध्यायात खाणे, हवन, दान, तप असे जे जे करावे ते भगवंताला अर्पण करण्यास सांगितले आहे. भागवताच्या एकादश स्कंधात काया, वाचा, मन यांनी घडणारे प्रत्येक कर्म नारायणाला समर्पण करावे, असा उपदेश आहे. एकनाथांच्या टीकेमुळे तो मराठी घरांत परिचित झाला. यांतून एक महत्त्वाचे स्थित्यंतर घडले. वस्तूच्या जागी कर्म आले. फूल देता येते, तूप देता येते. परंतु कर्म देणे म्हणजे काय? त्यावरील हक्क, म्हणजे त्याच्या फळावरील दावा सोडणे. अर्थात देण्याचा प्रश्न येथेही फिरून स्वत्वाशीच येतो.

मीमांसकांनी हे नेमक्या शब्दांत मांडले. देवतेला उद्देशून द्रव्याचा त्याग म्हणजे याग. आहुती अग्नीत पडल्यावर यजमान 'न मम' म्हणतो, 'हे माझे नाही'. दानात दोन क्रिया असतात : देणाऱ्याचे स्वत्व संपते आणि घेणाऱ्याचे उत्पन्न होते. विहीर, तळे, आमराई यांच्या 'उत्सर्गा'त मात्र घेणारा कोणी एक नसतो. ती सर्व प्राणिमात्रांसाठी सोडलेली असतात. त्यामुळे तळे खोदणारा माणूस त्याच तळ्याचे पाणी पिऊ शकतो काय, असा प्रश्न निर्माण झाला. बहुतेकांचे उत्तर असे की, पिऊ शकतो; पण मालक म्हणून नव्हे, सर्वांपैकी एक म्हणून. हा भेद सूक्ष्म असला तरी अनेक विश्वस्त मंडळांच्या कारभारात तो जितका आवश्यक तितकाच दुर्मिळ आहे.

वाहणे, सोडणे, पाणी आणि तुळशीपत्र

मराठीने संस्कृत 'अर्पण' घेतले, परंतु घरातील देवघरात तो शब्द फारसा उच्चारला जात नाही. तेथे फूल 'वाहतात', बेल 'वाहतात', नैवेद्य 'दाखवितात', नारळ 'फोडतात' किंवा 'चढवितात', नवस 'फेडतात'. यांपैकी 'वाहणे' हे क्रियापद विशेष लक्षणीय आहे. 'वह्' म्हणजे नेणे, वाहून पोचविणे. म्हणजे 'अर्पयति'चा जो मूळ अर्थ संस्कृतात झाकला गेला, तो या साध्या मराठी क्रियापदाने सांभाळला. त्याची उपयोजनेही व्यापक आहेत. शपथ वाहिली जाते, एखादा माणूस कार्याला वाहून घेतो, एखादे नियतकालिक विज्ञानाला वाहिलेले असते. 'वाहून घेणे' या प्रयोगात तर देणारा आणि दिले जाणारे एकच आहे. आत्मनिवेदनाचे याहून सुटसुटीत भाषांतर सुचणे कठीण.

'निवेदन' या शब्दाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. नैवेद्य त्यातूनच आला. दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीची शेवटची पायरी म्हणून आत्मनिवेदन येते. आणि आज निवेदन तहसीलदारांना दिले जाते. (त्याच कचेरीत दिला जाणारा 'अर्ज' मात्र अरबी आहे. 'अर्पण'शी त्याचे नाते लावण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो, तो टाळावा.)

स्वत्वत्यागाची कल्पना मराठी वाक्प्रचारांत किती खोल मुरली आहे, हे दोन उदाहरणांवरून दिसते. दान देताना हातावरून पाणी सोडतात. त्यावरून एखाद्या गोष्टीवर 'पाणी सोडणे' म्हणजे तिच्यावरील हक्क व आशा दोन्ही सोडणे. दानवस्तूवर तुळशीचे पान ठेवतात. त्यावरून घरादारावर 'तुळशीपत्र ठेवणे' म्हणजे सर्वस्वाचा त्याग. बोलणाऱ्याला विधी ठाऊक नसतो, परंतु विधीचे तात्पर्य त्याच्या जिभेवर असते. उपरोधही याच मुशीतून निघतो. बुडालेले पैसे 'कृष्णार्पण' होतात, आणि दुसऱ्याचा पैसा गिळणारा तो 'स्वाहा' करतो. अर्पणाचा मंत्र म्हणत अर्पणाच्या नेमके उलट वागण्याचे हे वर्णन कोणा कोशकाराने घडविलेले नाही. ते लोकांनी घडविले.

पाटणचा शिलालेख

खानदेशातील सर्वांत बोलके उदाहरण चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे आहे. पाटणादेवीच्या परिसरातील या शिलालेखाकडे एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. लेख इ. स. १२०७ च्या सुमाराचा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता. आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणी इत्यादी ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्याने मठ स्थापन केला, आणि त्या मठास निकुंभ वंशातील सोइदेव याने चंद्रग्रहणाच्या पर्वावर उदकपूर्वक दान दिले. लेखाचा मोठा भाग संस्कृतात असून दानाच्या तपशिलाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. वंशवर्णन आणि स्तुती देवभाषेत, परंतु बाजारात कोणी काय द्यावयाचे ते लोकभाषेत, ही वाटणी स्वाभाविकच म्हटली पाहिजे. कराचा तपशील ज्याला भरावयाचा आहे त्याला तो कळला पाहिजे.

भाषेच्या इतिहासकारांनी या मराठी भागाकडे रूपविचारासाठी पाहिले आहे. आपल्याला तो वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. त्यात 'दीन्हला', 'दीन्हलें' ही क्रियापदे पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येक वेळी देणारा स्पष्ट सांगितला जातो. बाजारात येणाऱ्या मालावर ग्राहकाकडून राजघराण्यास मिळणारा जो वाटा होता, तो राजघराण्याने मठाला दिला. विक्रेत्यांकडून ब्राह्मणांना मिळणारे जे उत्पन्न होते, ते ब्राह्मणांनी दिले. ग्राहकाकडील आणखी एक लहानसा अंश नगराने दिला. चालणाऱ्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल ठरले. धान्य मठाच्या मापाने मोजावयाचे ठरले.

सोइदेव हा तेथील सत्ताधीश होता. सर्वच वाटे एका फटकाऱ्यात 'मी दिले' असे कोरण्यास त्याला कोणी अडविले नसते. तरीही लेखात राऊळाचा वाटा राऊळाने, ब्राह्मणांचा ब्राह्मणांनी आणि नगराचा नगराने दिला अशी नोंद आहे. ज्याचे स्वत्व जेवढे, तेवढ्याचाच तो दाता. गणित आणि ज्योतिष यांच्या अध्ययनासाठी उभारलेल्या संस्थेच्या दानपत्रात हिशेब असा चोख असावा, हे साजेसेच आहे. महाविद्यालयीन अध्यापकांनी विद्यार्थ्यांना घेऊन पाटणला जावे ते केवळ निसर्गासाठी नव्हे. आठशे वर्षांपूर्वी एका खानदेशी पेठेने पळीपळीने तेल देऊन सिद्धान्तशिरोमणीचे अध्ययन चालविले होते, ही गोष्ट अनुदानाची वाट पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना विचार करावयास लावणारी आहे.

जे देता येत नाही

जैमिनीच्या सहाव्या अध्यायाच्या सातव्या पादात विश्वजित् यागाची चर्चा आहे. या यागात यजमानाने सर्वस्व द्यावयाचे असते. 'स्व' या शब्दात आप्तही येतात. तर मग आई, वडील, मुले यांचेही दान करावयाचे काय? उत्तर निःसंदिग्ध आहे. ज्यावर आपले प्रभुत्व आहे तेच देता येते. आईबाप व अपत्य यांवर कोणाचे तसे प्रभुत्व नसते. लगेच पुढचा प्रश्न येतो : राजाने सर्वस्व द्यावयाचे तर पृथ्वीही द्यावी काय? तेही नाही, कारण भूमी सर्वांना सारखीच आहे. नीळकंठ भट्टांच्या 'व्यवहारमयूखा'त, ज्या ग्रंथाला मुंबई इलाख्यातील न्यायालये प्रमाण मानीत, हाच विचार आला आहे : राजाला कर घेण्याचा अधिकार आहे, भूमीचे स्वामित्व नाही.

यांतील पहिल्या उत्तराकडे आपल्या समाजाने शतकानुशतके काणाडोळा केला. वृषोत्सर्गात वळू 'सोडतात'. त्याच क्रियापदाने खंडोबाला मुरळी 'सोडली' जात असे, यल्लम्माला मुलगी 'सोडली' जात असे. 'वाहिली' हा शब्दही त्यासाठी वापरला जाई. फुलासाठीचे आणि जनावरासाठीचे क्रियापद मुलीला लावले गेले, तेव्हा ती वस्तू ठरली. जी आईबापांची मालमत्ता नव्हतीच, तिच्यावरील स्वत्व त्यांनी 'सोडले' आणि तिच्यावर देवाचे स्वत्व निर्माण झाले असे मानले गेले. प्रत्यक्षात त्या स्वत्वाचा उपभोग कोणी घेतला, हे सांगण्याची गरज नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' या पत्रातून मुरळीच्या चालीविरुद्ध मोहीम चालविली. १९३४ च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने असे समर्पण बेकायदेशीर ठरविले, आणि महाराष्ट्राने २००५ चा देवदासी प्रथा निर्मूलनाचा अधिनियम केला. या कायद्यांना परकीय विचारांचे फळ म्हणणाऱ्यांनी जैमिनीचा तो पाद उघडून पाहावा. श्रद्धा कितीही शुद्ध असली तरी मुलगी ही अर्पणाचे द्रव्य होऊ शकत नाही, हे यज्ञसंस्थेच्या सर्वांत कट्टर शास्त्रानेच ठरवून ठेवले होते.

देवाला जे खरोखर देता येते, त्याचे पुढे काय होते, हा प्रश्नही न्यायालयांपुढे आला. डाकोरच्या मंदिरातील सेवकांचे म्हणणे असे होते की, देवापुढे ठेवलेले धन त्यांचे स्वतःचे आहे. १८८७ साली मुंबई उच्च न्यायालयाने मनोहर गणेश तांबेकर यांच्या खटल्यात ते अमान्य केले. देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती मानून सेवकांना हिशेब देण्यास बांधील ठरविले. पुढे १९५६ साली देवकीनंदन विरुद्ध मुरलीधर या खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी मुळाशी गेले. देवतेचे स्वामित्व हे केवळ लाक्षणिक अर्थाने होय, या शबरस्वामींच्या मताचा आधार घेऊन, देवस्थानाचा खरा लाभ ज्यांच्यासाठी असतो ते उपासक होत, असे न्यायालयाने म्हटले. शबरांनी 'देवग्राम' या शब्दाची चर्चा करताना मांडलेला मुद्दा दीड हजार वर्षांनी एका मालमत्तेच्या वादात निर्णायक ठरावा, ही शब्दार्थाच्या अभ्यासकाला सुखावणारी घटना आहे. पंढरपूरच्या बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या अधिनियमाने रद्द झाले. तो वाद २०१४ साली सर्वोच्च न्यायालयात संपला. त्याच्याही मुळाशी प्रश्न हाच होता की, विठ्ठलाच्या पायावर ठेवलेला पैसा तेथून कोठे पोचतो.

अर्पणपत्रिका आणि लोकार्पण

जुन्या पोथीत 'श्रीकृष्णार्पणमस्तु' हे शब्द शेवटी येतात. काम पुरे झाले, आता त्याच्यावर माझा हक्क नाही, असा त्याचा भाव. छापील पुस्तकात अर्पणपत्रिका आरंभी आली. ही पद्धत इंग्रजी ग्रंथांवरून आली असून एकोणिसाव्या शतकातील काही ग्रंथ गोऱ्या अधिकाऱ्यांना अर्पण झालेले आढळतात. याच काळात, १८७३ साली, जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. मराठी अर्पणपत्रिकांच्या इतिहासात हे पान वेगळे काढून ठेवावे असे आहे. अर्पणाचा स्वीकार करणारा येथे देव नाही, गुरू नाही, साहेबही नाही; दूरदेशीची, कधीही न भेटणारी सामान्य माणसे आहेत. आजच्या पुस्तकांत अर्पण पहिल्या पानावर असते आणि त्याच्या मागच्याच पानावर सर्व हक्क लेखकाच्या स्वाधीन असतात. यात गैर काही नाही, परंतु 'न मम' म्हणून लगेच 'सर्व मम' म्हणण्यासारखे ते आहे, एवढे मान्य करावे. संस्थांना मिळणाऱ्या देणग्यांतही असा प्रकार असतो. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर देणगीदाराचे नाव रंगविलेले असते. पंखा चालू असेपर्यंत ते वाचता येत नाही, हीच काय ती सोय.

राहिला 'लोकार्पण'. 'उद्घाटन' म्हणजे दार उघडणे, 'शुभारंभ' म्हणजे सुरुवात. या दोन्ही शब्दांत मालकीचा दावा नाही. पूल, जलकुंभ, रुग्णालयाची इमारत यांचे 'लोकार्पण' होते तेव्हा मात्र व्याकरणाने कर्ता, कर्म आणि संप्रदान असे तिघे उभे राहतात. संप्रदान लोक. कर्म पूल. कर्ता कोण? पूल लोकांच्या करातून, लोकांच्या जमिनीवर बांधलेला असतो. देणाऱ्याचे त्यावर स्वत्व नव्हतेच. मग सोडले काय? विहीर खोदून ती उत्सर्ग करणाऱ्या सावकाराने निदान स्वतःचा पैसा खर्च केलेला असे. जैमिनीच्या राजाला जी भूमी देता आली नाही, ती लोकशाहीतील पदाधिकाऱ्यांना कशी देता यावी? पाटणच्या लेखाची शिस्त येथे लावावयाची झाल्यास कोनशिलेवर 'नगराने नगराला दिले' असे कोरावे लागेल.

तथापि हा शब्द टाकून द्यावा असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. उपनिषदांतील जुना अर्थ घेतला तर तो वाचतो. आरा तुंब्यात बसविणे, जे ज्याचे आहे ते त्याच्या जागी पोचविणे, या अर्थाने पुलाचे लोकार्पण बरोबर आहे. मग त्यात उपकाराचा सूर उरत नाही, आणि बसविणाऱ्या सुताराचे नाव कोनशिलेवर मोठ्या अक्षरांत असण्याचेही कारण उरत नाही.

अमळनेरपुरते पाहावयाचे तर १९१६ साली श्रीमंत प्रताप शेठ यांच्या पुढाकाराने येथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. नावात 'मंदिर' आहे, आत मूर्ती नाही. उद्योगात मिळविलेला, म्हणजे स्वतःचा पैसा त्यांनी तत्त्वचिंतनासारख्या कसलेच व्याज न देणाऱ्या कामी घातला. साने गुरुजी अमळनेरला आले ते प्रथम या संस्थेत. १९२४ साली ते येथील शाळेत शिक्षक झाले आणि १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. शाळाशाळांतून म्हटल्या जाणाऱ्या त्यांच्या प्रार्थनेत 'अर्पावे' हे क्रियापद आहे. मुलांच्या तोंडी ते इतके रुळले आहे की त्याची रचना नजरेतून निसटते. तेथे अर्पणाचे द्रव्य प्रेम आहे आणि संप्रदान जग आहे; देवाचा उल्लेख त्या क्रियापदाच्या आसपास नाही. प्रेम ही कोणत्याही शास्त्राच्या कसोटीवर देणाऱ्याची निर्विवाद स्वतःची वस्तू होय. गुरुजींनी भाषेचा हा नियम आचरणातही पाळला. १ मे १९४७ रोजी पंढरपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना विठ्ठलमंदिर खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण आरंभिले, तेव्हा त्यांनी कोणाची मालमत्ता मागितली नाही आणि दुसऱ्या कोणाचे काही पणाला लावले नाही. पणाला लागले ते त्यांचे प्राण. मंदिर सर्वांना खुले करण्याचे ठरल्यावर १० मे रोजी ते उपोषण सुटले.